सोबतीचा नकाशा

रणजित थोरवडेच्या दुकानात माणसं गाडीची बॅटरी बदलायला यायची आणि तासभर बसून जायची. कराडहून पाटणकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं वर्कशॉप होतं. वडिलांच्या काळात तिथं स्कूटरची इंजिनं खोलली जायची. पेट्रोलच्या गाड्या हळूहळू रस्त्यावरून गेल्या, तशी रणजितनं पान्ह्यांच्या जोडीला मीटर घेतला आणि तो बॅटऱ्यांचा डॉक्टर झाला. हात गाडीत आणि जीभ गावभर, असा माणूस. आसपासच्या लग्नांत अक्षता पडेपर्यंत माईक त्याच्याच हाती असायचा. मयताच्या घरी भेटायला गेला तरी उठताना तिथल्या माणसांना एकदा हसवूनच उठायचा, आणि कुणाला त्याचा राग यायचा नाही, कारण आधी तो त्यांच्याबरोबर मनापासून रडलेला असायचा.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी केतकी सोळाव्या वर्षी अंथरुणातून उठेनाशी झाली.

एकाएकी काही घडलं नव्हतं. दहावीनंतर मैत्रिणींचा घोळका पांगला. पाचजणींनी नवा ग्रुप केला, त्यात केतकी नव्हती. भांडण नाही, शब्दाला शब्द नाही. नुसतं कुणी बोलावलं नाही. वाढदिवसाचे फोटो तिला दुसऱ्यांच्या फोनवर दिसले. मग तिनं बॅडमिंटन सोडलं. जिल्ह्याला खेळून आलेली पोरगी, पण रॅकेट कपाटावर गेली ती गेलीच. मग जेवण अर्ध्यावर आलं. मग सकाळचं कॉलेज बुडायला लागलं. पहिलीपासूनची मैत्रीण प्राची तेवढी येत-जात राहिली.

रणजितला यावर एकच औषध ठाऊक होतं. संध्याकाळी घरी आला की तो केतकीच्या खोलीच्या दारात उभा राहायचा आणि दिवसभरातली गिऱ्हाइकं एकेक करून तिच्यासमोर उभी करायचा. बॅटरीला नजर लागू नये म्हणून चार्जरला लिंबू-मिरची बांधणारे मास्तर, बंद पडलेल्या गाडीशी, सुनेशी भांडावं तशा भांडणाऱ्या बाई. केतकी हसायची. पंधरा मिनिटं का होईना, हसायची. त्या पंधरा मिनिटांच्या जोरावर तो दुसरा दिवस काढायचा.

वयाचा परिणाम असेल म्हणून तीन महिने गेले. शेवटी सुजातानं, म्हणजे रणजितच्या बायकोनं, हट्ट धरला. ती ओगलेवाडीच्या शाळेत शिकवायची. मुलांचे चेहरे वाचण्यात तिची हयात गेली होती. "अहो, हे वयाचं नाही," ती म्हणाली. "ही आजारी आहे." आणि ती केतकीला डॉक्टर नसरीन मुजावर यांच्याकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी नैराश्याचं निदान केलं, गोळ्या सुरू केल्या, आठवड्यातून एक तास बोलायचा ठरवला. दोन महिन्यांनी थोडा उतार दिसला, पण थोडाच. तेव्हा त्यांनी 'सोबत' नावाच्या एका चकतीचा विषय काढला. किशोरवयीन मुलांसाठी ही चकती नुकतीच वापरात आली होती.

"आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट," त्या रणजित-सुजाताला म्हणाल्या. "त्यातला एक माझ्या वाट्याला येतो. उरलेले एकशे सदुसष्ट ती माणसांत असते, नाहीतर माणसांवाचून असते. या वयात मुलांना माणसं फार लागतात. कुणी जवळ केलं, कुणी टाळलं, कुणी टोचून बोललं, यावर आजार चढतो किंवा उतरतो. आणि त्या तासांतलं मला काही दिसत नाही. मुलांना विचारावं तर ती म्हणतात, सगळं ठीक आहे."

चकती शर्टाच्या बटणाएवढी होती आणि दंडाच्या आतल्या बाजूला चिकटायची. माणूस ताणाखाली आला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य वाढतं, ते थोडं घामातही उतरतं. चकती ते टिपायची. शिवाय ती हृदयाचे ठोके ऐकायची. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की निवांत माणसाचं हृदय घड्याळासारखं नेमानं चालत नाही. श्वास घेताना ते जरा घाई करतं, सोडताना रेंगाळतं. ताण आला की हे रेंगाळणं संपतं, आणि ते मुकाट्यानं एका चालीत पळत राहतं. त्या वेळी जवळ कोण आहे, हेही चकती नोंदवायची, पण ज्यांनी आपला फोन ओळखू द्यायला होकार दिला असेल त्यांच्यापुरतंच. बोलणं मात्र ती ऐकत नव्हती. सहा आठवडे अशा नोंदी जमल्या की एक नकाशा तयार व्हायचा. मधोमध मूल, भोवती त्याची माणसं. ज्याच्या सोबतीत शरीर सैलावतं तो ठिपका हिरवा, ज्याच्या सोबतीत आवळतं तो तांबडा.

नकाशाच्या दिवशी केतकी आत आली नाही. "मला नाही बघायचा," ती म्हणाली. "तुम्हीच बघा." आणि ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली.

डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. सुजाता हिरवी होती. प्राची पोपटी. कॉलेजच्या लायब्ररीतल्या कुणी कांबळेबाई सगळ्यांत गडद हिरव्या होत्या. त्यांचं नाव घरात कुणी ऐकलंही नव्हतं. आणि केतकीच्या अगदी जवळ, कुंकवाच्या रंगाचा एक ठिपका होता.

"हा कोण?" रणजितनं विचारलं. मनात त्या पाचजणींपैकी कुणीतरी असेल असं धरून त्यानं मुठी आवळल्या होत्या.

डॉक्टर त्याच्याकडं वळल्या. "थोरवडे, तो तुम्ही आहात."

रणजित हसला. माईकवर असला प्रसंग आला असता तर त्यानं तो सहज मारून नेला असता. इथं तो नुसता त्या ठिपक्याकडं बघत राहिला.

"याचा अर्थ तुम्ही वाईट बाप आहात असा नाही," डॉक्टर घाईनं म्हणाल्या. "तुम्ही समोर आलात की तिच्या शरीरावर ताण येतो, एवढंच हे सांगतंय. का, ते सांगत नाही. यंत्राची सूचना आहे, की आठ आठवडे तुमचा सहवास कमी ठेवून बघावा. थोडं मागं सरा. आणि तिला इतक्यात सांगू नका. ती स्वतःलाच दोष देत बसेल."

"बरं," रणजित म्हणाला.

परतताना गाडीत केतकीनं मागून विचारलं, "काय निघालं?" तर सुजाता म्हणाली, "चांगलं आहे गं सगळं." रणजित रस्त्याकडं बघत गाडी चालवत राहिला. एरवी तेवढ्या रस्त्यात त्याचे तीन किस्से झाले असते.

डॉक्टर म्हणाल्या होत्या थोडं मागं सरा. पण रणजितला थोडं म्हणून काही करता येत नसे. पोरीला आपला त्रास होतो ना, मग तिच्या वाटेतच यायचं नाही, असं त्यानं ठरवलं. सकाळी तो केतकी उठायच्या आत बाहेर पडू लागला. दुपारचा डबा दुकानात, आणि संध्याकाळी तिचं जेवण आटोपल्याचा सुजाताचा निरोप आल्यावरच दुकानाचं शटर खाली. रविवारी पाटण खोऱ्यात जाऊन शेतकऱ्यांचे फवारणीचे पंप दुरुस्त करू लागला. घरात समोरासमोर गाठ पडलीच तर "बरं आहे ना? बरं," एवढं बोलून तो पुढं व्हायचा.

"अहो, कमी करा म्हणाल्या होत्या," सुजाता एकदा म्हणाली. "तुम्ही पाहुण्यासारखे वागायला लागलात."

"पाहुण्याला निदान चहा विचारतात," रणजित म्हणाला. त्या विनोदावर दोघंही हसले नाहीत.

एकदा न राहवून तो कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन आला. कांबळेबाई पन्नाशीच्या, चष्मा नाकावर घसरलेला, पुस्तकांवर कागदी पट्ट्या डकवत बसलेल्या. त्यानं ओळख सांगितली आणि विचारलं, "माझी मुलगी तुमच्याजवळ बसते म्हणे. तुम्ही तिच्याशी बोलता काय, तेवढं मला सांगाल का?"

बाई गोंधळल्या. "मी? काही नाही हो बोलत. मी माझं काम करते. ती येऊन बसते. कधी पट्ट्या कापून देते. झालं एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच," बाई म्हणाल्या. रणजितला ते काही पटलं नाही. बाई सांगायचं टाळतायत असं वाटून तो जरा खट्टू होऊनच परतला.

आणि केतकीच्या ताणाची रेघ खरोखर खाली आली. फोनवर रोज नोंद यायची. चौथ्या आठवड्यात रेघ तिसऱ्या हिश्श्यानं उतरली. सहाव्यात पार सपाट झाली. 'आजचा ताण कमी. उत्तम प्रगती,' असे शब्द खाली उमटायचे. दुकानात गिऱ्हाईक नसलं की रणजित ती रेघ उघडून बघायचा. पोर बरी होतेय म्हणून जीव सुपाएवढा व्हायचा, आणि आपण नसलो की ती बरी असते, हे आठवून तोच जीव बोराएवढा व्हायचा. त्यानं लग्नांची निमंत्रणंही नाकारायला सुरुवात केली. माईक हातात घ्यायचा म्हटलं की त्याला वाटायचं, आपल्या बडबडीनं कुणाकुणाला असा त्रास होत असेल, कुणास ठाऊक.

सातव्या आठवड्यातल्या गुरुवारी, दुपारी तीनच्या सुमारास, प्राची सायकलवरून दुकानात आली. कॉलेजच्या गणवेशात होती, आणि खांद्याला निळ्या पिशवीतली रॅकेट.

"काका, जरा बोलायचं होतं."

रणजितनं रॅकेट ओळखली. केतकी जिल्ह्याला जिंकली तेव्हा पुण्याहून आणलेली. तिला ती कुणाला हातही लावू देत नसे.

"केतकी काल घरी आली होती," प्राची सांगू लागली. "स्वतःहून. किती महिन्यांनी आली. म्हणाली, ही तुझ्याकडं असू दे. मी म्हटलं, खेळायला लागलीस की घेऊन जा. तर म्हणाली, नको, आता तुझीच. तिची चित्रांची पुस्तकं तिनं माझ्या भावाला दिली. कॉलेजात एकीला कानातलं दिलं." प्राचीनं रॅकेटची पिशवी पुढं धरली. "आणि काका, ती एकदम शांत दिसत होती. खूश असल्यासारखी. म्हणून मला भीती वाटली."

रणजितनं फोन उघडला. रेघ सपाट होती. 'आजचा ताण अत्यल्प. उत्तम प्रगती.'

समोर टेबलावर सकाळी आलेली एक बॅटरी पडली होती. मीटरवर व्होल्टेज भरपूर दाखवायची, म्हणून मालक म्हणत होता की बॅटरी ठणठणीत आहे, दोष गाडीत आहे. रणजितनं तिला नुसता एक दिवा जोडला होता, तर ती कोसळली होती. असल्या बॅटऱ्या त्यानं हजार पाहिल्या होत्या. ओझं काढून घेतलं की मेलेली बॅटरीसुद्धा मीटरवर चांगली दिसते. हे आपल्याला सात आठवडे का सुचलं नाही, असं त्याच्या मनात आलं.

"चल," तो प्राचीला म्हणाला आणि शटर ओढलं.

वाटेत त्यानं सुजाताला फोन लावला, मग डॉक्टरांना. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "मी निघतेच. तोवर तिला एकटं सोडू नका. आणि थोरवडे, आडवळणानं नको, तिला सरळ विचारा. मरायचं मनात येतं का, हेच शब्द वापरा. विचारल्यानं तो विचार वाढत नाही. न विचारल्यानं माणूस त्याच्यासोबत एकटा पडतो."

प्राची बाहेरच्या खोलीत थांबली. केतकीची खोली उघडीच होती. पडदे ओढलेले, टेबल लख्ख आवरलेलं, कपाटातल्या कपड्यांच्या घड्या एकावर एक. केतकी पलंगावर पडून छताकडं बघत होती.

रणजित दारात उभा राहिला. याच जागी उभं राहून त्यानं शेकडो नकला केल्या होत्या. सवयीनं एक विनोद जिभेवर आलाही. तो त्यानं गिळला.

"केतू," तो म्हणाला, "तुला मरावंसं वाटतं का?"

तिनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं.

"कधी कधी."

"आज?"

"आज काही ठरवलं नव्हतं." तिचा आवाज अगदी सपाट होता. "नुसतं सगळं आवरून ठेवावंसं वाटत होतं. म्हणजे मागं कुणाला त्रास नको."

रणजित आत आला आणि पलंगाला टेकून फरशीवर बसला.

"तुम्ही कसे काय आलात आज?" केतकीनं विचारलं. "तुम्ही तर कंटाळलात ना मला."

"मी? कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे? त्या डॉक्टरांकडून आलो आणि तुम्ही माझ्याकडं बघायचंच बंद केलं. मी म्हटलं, बरोबर आहे. किती दिवस सहन करतील."

मग रणजितनं सांगून टाकलं. हिरवे ठिपके, पोपटी ठिपके, कुंकवाचा ठिपका, आठ आठवडे. "मी जवळ आलो की तुला त्रास होतो, असं ते यंत्र म्हणालं गं. खोटं कशाला बोलेल ते? मग मी म्हटलं, आपणच लांब राहावं."

केतकी उठून बसली. "होतोच त्रास," ती म्हणाली. रणजितनं मान खाली घातली. "तुमच्या गाडीचा आवाज आला की मी उठायचे पप्पा. तोंड धुवायचे. आरशात बघून तोंड नीट करायचे. तुम्ही दारात आलात की मला हसायला लागायचं. तुम्ही एवढं करताय आणि मी हसले नाही, तर तुमचा चेहरा बघवायचा नाही मला. एकदा नव्हते हसले, आठवतंय? तुम्ही अंगणात जाऊन उगाच गाडी पुसत बसला होतात. मी खिडकीतून बघत होते." ती धापा टाकत होती. "फार दमायचे मी. तुम्ही गेलात की तासभर हात उचलायचा नाही. पण तेवढ्यासाठी तरी उठायचे ना. दिवसातून एकदा तरी तोंड धुवायचे. मग तुम्ही यायचेच बंद झालात. मग कशासाठी उठायचं?"

रणजितला वाटलं, कुणीतरी आपल्याला उभं चिरतंय. बायको आहे, प्राची आहे, डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत, आणि या पोरीनं रोज अंथरुणातून उठायला आपल्यासारखा बडबड्या माणूस निवडला होता.

"गोळ्या घेतेस का?" त्यानं विचारलं.

"आई हातात देते. मी घेत नाही. तीन आठवडे झाले." आणि मग, "आईला सांगू नका."

"सांगणार," रणजित म्हणाला. "आईला सांगणार, डॉक्टरांना सांगणार. तुला राग आला तरी सांगणार. पण एक ऐक. आजपासून माझ्यासाठी हसायचं नाही. अजिबात नाही."

"मग तुम्ही काय करणार?"

"मला काय माहीत? बसेन."

"गप्प?"

"बघतो जमतंय का."

डॉक्टर येईपर्यंत तो फरशीवरून उठला नाही. सुजाता आली, ती केतकीच्या शेजारी पलंगावर बसली आणि तिचा पाय धरून राहिली. प्राची दाराशी उभी राहून रडत होती. केतकीनंच तिला आत ये म्हणून खुणावलं.

त्या संध्याकाळी केतकीला रुग्णालयात दाखल केलं. नऊ दिवस ती तिथं होती. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, घरातली औषधं कुलपाच्या कपाटात गेली, सुजातानं शाळेतून रजा काढली. पाचव्या दिवशी डॉक्टर मुजावर रणजितला घेऊन व्हरांड्यात बसल्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"यंत्रानं ओझं बरोबर मोजलं," त्या म्हणाल्या. "पण माणूस एखाद्यामुळं झिजतो आणि एखाद्यासाठी झिजतो, दोन्ही वेळेला घाम सारखाच येतो. त्यातला फरक चकतीला कळत नाही. आणि ताण उतरला म्हणजे आजार उतरला, असं त्या चकतीनं धरलं. तुमच्या मुलीनं धडपडच सोडून दिली होती, म्हणून रेघ सपाट झाली."

"म्हणजे यंत्र चुकलं."

"मी चुकले. तो नकाशा केतकीचा होता. तो तिला दाखवून मी विचारायला हवं होतं, की बाई गं, हा ठिपका असा का? तिनं मला पाच मिनिटांत सांगितलं असतं. ती बघायला नको म्हणाली, आणि मला ते सोयीचं वाटलं." त्या पुढं म्हणाल्या, "ज्यांनी हे बनवलं त्यांना मी सगळं लिहून पाठवलंय. यापुढं माझ्याकडचा कुठलाही नकाशा आधी मुलासमोर उघडेल, मग आईबापासमोर."

रणजितला त्यांचा राग यायला हवा होता. पण केतकीच्या उशाशी त्या रोज संध्याकाळी कशा बसतात, ते त्यानं पाहिलं होतं. "तुम्हीही जेवून घ्या मॅडम," एवढंच तो म्हणाला.

केतकी घरी आली आणि रणजितची परीक्षा सुरू झाली. रोज अर्धा तास तिच्या खोलीत बसायचं, हसवायचं नाही. पहिले काही दिवस भयंकर गेले. तो पंख्याकडं बघायचा, बोटं मोडायचा, खाकरायचा. तिसऱ्या दिवशी केतकी म्हणाली, "पप्पा, तुम्ही गप्प बसलात की जास्त आवाज होतो." मग तो दुकानातला एखादा चार्जर खोलायला घेऊन येऊ लागला. हात कामात गुंतले की तोंड आपोआप मिटायचं. केतकी कधी पडून असायची, कधी त्याला बारीक स्क्रू पकडून द्यायची. कांबळेबाई काहीच लपवत नव्हत्या, हे त्याला स्क्रू घेताना एकदम कळलं.

अधूनमधून त्याचा पाय घसरायचाच. एखादा किस्सा निसटायचा.

"याला नाही हसणार मी," केतकी म्हणायची.

"नको हसूस. रद्दीच होता."

काही दिवस बरे जायचे. काही दिवस ती भिंतीकडं तोंड करून पडायची, आणि रणजित चार्जर न उघडता नुसता मांडीवर घेऊन बसायचा. दिवाळीनंतर प्राचीनं रॅकेट परत आणून दिली. केतकीनं ती घेतली, पण खेळायला जायला आणखी महिना लावला. एक सेट खेळून आली आणि दोन दिवस झोपून राहिली. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

डिसेंबरात दुसरा नकाशा निघाला. या वेळी डॉक्टरांच्या खोलीत केतकीनं तो स्वतः उघडला आणि बापाला दाखवला. सुजाता हिरवीच होती, कांबळेबाई तर होत्याच. रणजित मात्र तांबड्याचा जेमतेम नारिंगी झाला होता. त्याचा चेहरा उतरला.

"अहो पप्पा, आता मी तुमच्याशी भांडते ना," केतकी म्हणाली. "त्याचा आहे तो रंग."

डॉक्टर मुजावर खो खो हसल्या. केतकीनं चकती आणखी ठेवायची की काढायची, हे त्यांनी तिच्यावरच सोडलं. ती म्हणाली, "ठेवते. पण बघायचं मी."

फेब्रुवारीतल्या एका दुपारी दुकान भरलं होतं. सहा-सात माणसं, चहाचे कप, आणि मधे रणजित. बऱ्याच महिन्यांनी त्याला सूर लागला होता. मलकापूरच्या एका नवरदेवाची गाडी वरातीत कशी बंद पडली आणि घोडा कसा भाड्यानं मागवावा लागला, हे तो हातवाऱ्यांसकट सांगत होता. माणसं पोट धरून हसत होती.

तेवढ्यात केतकी दारात आली. पाठीवर कॉलेजची सॅक, केस विस्कटलेले. तिनं माणसं पाहिली, बापाला पाहिलं. पूर्वी एवढ्या वेळात तिनं चेहरा नीट केला असता. आज तिनं तो होता तसाच ठेवला.

"पप्पा," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "आज नाही जमत."

रणजितचे हात हवेतच थांबले. मग त्यानं ते खाली घेतले.

"मंडळी, दुकान बंद," तो म्हणाला.

"अरे, त्या घोड्याचं पुढं काय झालं?" कुणीतरी विचारलं.

"काही नाही झालं. उठा आता."

माणसं चपला शोधत उठली. एकानं केतकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तोही गेला. रणजितनं शटर अर्धं खाली ओढलं, दोन स्टुलं जवळजवळ लावली. केतकी बसली आणि तिनं कपाळ त्याच्या ग्रीस लागलेल्या शर्टावर टेकलं. मग ती रडू लागली, आवाज करून, लहानपणी गुडघा फुटल्यावर रडायची तशी. एवढ्या दिवसांत ती त्याच्यासमोर अशी कधी रडली नव्हती.

रणजितनं काही विचारलं नाही. एक हात तिच्या पाठीवर ठेवला आणि तो बसून राहिला. बाहेरून एक ट्रक गेला, मग शाळा सुटलेली पोरं ओरडत गेली.

बऱ्याच वेळानं ती नाक पुसत म्हणाली, "तुमची माणसं गेली माझ्यामुळं."

"जाऊ दे गं," रणजित म्हणाला. "त्या घोड्याचा शेवट मला तसाही सुचत नव्हता."

केतकी हसली नाही. आणि रणजितनं तिच्या हसण्याची वाट पाहिली नाही.